येते म्हणून गेली

आजींनी संध्याकाळचं जेवण सोडलं आणि त्याचं खापर फुटलं होकाच्या डोक्यावर. वृद्धाश्रमाच्या मोठ्या बाईंनी तिला ऑफिसात बोलावलं, दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं, "तुम्ही त्यांना काय सांगून जाता?"

"मी? काही नाही."

"काहीतरी सांगता. बाकीच्या दिवशी त्या व्यवस्थित जेवतात. तुम्ही येऊन गेलात की ताट तसंच परत जातं. त्यांना विचारलं तर म्हणतात, तुमचं काम करा. वजन उतरलंय त्यांचं. डॉक्टर मला विचारतात, मी काय सांगू?"

"शपथ," होका घाईत मराठीतच म्हणाली. मग तिथल्या परक्या भाषेत म्हणाली, "खरंच काही नाही."

"शुक्रवारी मी स्वतः बघणार आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "काही उलगडा झाला तर ठीक. नाहीतर तुम्ही इथं न आलेलं बरं."

आता ही होका कोण, ते आधी सांगायला हवं. नाव तिचं चांगलं ठसठशीत होतं, बारशाला आत्यानं हौसेनं ठेवलेलं. पण लहानपणी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे साखर आणायला गेलेली ही पोर परत येताना भलत्याच गल्लीत शिरली आणि कुणाच्या तरी पायरीवर साखरेची पुडी मांडीवर घेऊन भोकाड पसरून बसली. तेव्हापासून थोरल्या भावानं तिला 'होकायंत्र' म्हणायला सुरुवात केली. पुढे यंत्र गळून पडलं, होका तेवढं राहिलं. अजूनही कुणी डावीकडे वळ म्हटलं की ती आधी जेवायचा हात कोणता ते मनात तपासते. आणि अशी ही बाई परदेशी शिकायला गेली तरी काय, तर शहररचना! "हिनं आखलेल्या गावात पाहुणे पोचायचेच नाहीत," भाऊ म्हणाला, "आणि पोचले तर परत जायचे नाहीत." आईनं त्याला दटावलं, पण तीही हसलीच.

तिथं गेल्यावर तर गोंधळाला सुमारच राहिला नाही. गाड्या रस्त्याच्या उलट्या बाजूनं धावायच्या. रस्ता ओलांडताना ही नेमकी रिकाम्या बाजूला बघून पाऊल टाकायची, आणि भलतीकडून भोंगा वाजला की काळजाचं पाणी व्हायचं. बसचं तर विचारूच नका. एकाच नंबरची बस रस्त्याच्या या बाजूनंही येते आणि त्या बाजूनंही, एवढं तिला समजत होतं. आपण कुठल्या बाजूला उभं राहायचं हे मात्र दर वेळी नव्यानं ठरवावं लागायचं, आणि दर वेळी नव्यानं चुकायचं. दिवसभर विद्यापीठात ती नकाशावर बसचे मार्ग आखायची, चौकातल्या सिग्नलवरून इतरांशी हिरिरीनं वाद घालायची, आणि संध्याकाळी वसतिगृहावर जायला निघाली की थेट डेपोत जाऊन पोचायची. ड्रायव्हर दिवे मालवून उतरायला लागला की मग हिच्या लक्षात यायचं.

बोलण्याचंही तेच. पुस्तकातली भाषा ती फडाफडा बोलायची, व्याकरण चोख. पण दुकानदारानं "पिशवी देऊ का?" म्हटलं की ही घाबरून सांगायची, "मी विद्यार्थिनी आहे." शेवटी तिचे सरच एकदा म्हणाले, "अहो, पुस्तकं पुरे झाली. बोलायला माणसं शोधा. वृद्धाश्रमात मदतीला जा, म्हाताऱ्या माणसांना बोलायला वेळ असतो."

म्हणून ती मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारचे तास संपले की गावाच्या दुसऱ्या टोकाला त्या वृद्धाश्रमात जायला लागली. पगार नाही, पण चहा मिळायचा आणि पिवळा एप्रन. तिच्याकडे मुख्य काम मोज्यांचं. धुलाईतून मोज्यांचा हा एवढा ढीग यायचा, प्रत्येकावर खोलीच्या नंबराची चिंधी शिवलेली, त्यातल्या निम्म्या उसवून पडलेल्या. जोड्या लावायच्या आणि खोल्याखोल्यांत पोचवायच्या. जोड्या ती झकास लावायची, पोचवताना मात्र बोंब. सगळे पॅसेज सारखे, सगळी दारं सारखी. एका रागीट आजोबांना तिनं चुकून बाईमाणसाचे फुलाफुलांचे मोजे नेऊन दिले, आणि त्यांना ते इतके आवडले की परत द्यायला तयार होईनात. त्यावरून दोन खोल्यांत जुंपली. मोजे झाले की चहा द्यायचा, कुणाच्या कानातल्या यंत्राचा सेल बदलायचा, कुणाला पेपर वाचून दाखवायचा.

पॅसेजच्या शेवटच्या खोलीत या आजी राहायच्या. होकानं मनातल्या मनात त्यांचं नाव ठेवलं होतं चौकशी आजी. कारण त्यांची उभी हयात बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत गेलेली. कुठली गाडी केव्हा येते, कुठली गेली, कुठली आज येणारच नाही, हे लोकांना सांगायचं. कानांनी आता कमी ऐकू यायचं, पण आवाज अजून खिडकीतला, खणखणीत. पहिल्याच दिवशी होका उशिरा धापा टाकत आली आणि बस चुकल्याचं म्हणाली, तशा त्या पलंगावर ताठ उठून बसल्या.

"कुठल्या थांब्यावर उभी होतीस?"

"दवाखान्यासमोर."

"तोंड कुठे होतं?"

"दवाखान्याकडे."

"अगं, दवाखाना पाठीशी हवा! पाठीशी! दवाखान्याकडे तोंड केलंस तर डेपोत जाशील."

"गेले होते," होका म्हणाली.

आजींनी कपाळावर हात मारला. मग चहाच्या कपाचा दवाखाना केला, बशीचं विद्यापीठ केलं, चमचे आडवेतिडवे मांडून रस्ते केले आणि सगळं पहिल्यापासून समजावून दिलं. होकाला नेहमीप्रमाणे काही कळलं नाही. पण आपल्यावर इतक्या आपुलकीनं कुणीतरी ओरडतंय, हे तिला फार बरं वाटलं. घर सोडल्यापासून कुणी तिच्यावर ओरडलं नव्हतं. दोघींचं तिथंच गूळपीठ जमलं.

निघायची वेळ झाली आणि पंचाईत उभी राहिली. निरोपाचा एक शब्द पुस्तकात होता. तो ती बसच्या ड्रायव्हरला म्हणायची, मोठ्या बाईंना म्हणायची, दुकानदारालाही म्हणायची. आजींपुढे मात्र जीभ अडली. एवढ्या वयाची बाई, तिचा हात आपल्या हातात, आणि तिला असा परका शब्द कसा म्हणायचा? आणि 'जाते' म्हणणं तर शक्यच नव्हतं. घरातून कुणी बाहेर पडताना 'जाते' म्हणालं की आई स्वयंपाकघरातून करवादायची, "येते म्हण गं, येते!" तेव्हा होकानं घरचाच शब्द घेतला, तो तिथल्या भाषेत जसाच्या तसा बसवला, आजींच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "येते हं!"

आजी म्हणाल्या, "ये."

झालं की नाही बरोब्बर? अगदी आई म्हणते तसं! होका खुशीत बाहेर पडली आणि खुशीतच उलट्या बसमध्ये चढली.

पुढच्या खेपेला आजींनी दारातच विचारलं, "काय गं, सापडली नाही ना वाट त्या दिवशी?"

"नाही सापडली," होका प्रामाणिकपणे म्हणाली. "डेपोत गेले."

"मला वाटलंच." आणि पुन्हा कपबशा मांडल्या.

तिथून पुढे आजींचं काही खरं राहिलं नाही. दर खेपेला त्या जास्तच चिडायच्या. "इतकं साधं कसं जमत नाही तुला? माणसं आंधळी असून पोचतात!" एकदा तर त्यांनी निघताना तिचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "आज चुकू नकोस."

"नाही चुकणार, आजी. येते हं."

"ये. लवकर ये."

आणि त्याच्या पुढच्या खेपेला त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या, तिनं आणलेले मोजे पायानं खाली ढकलले. होका हवालदिल झाली. मी केलं तरी काय? खोलीत बरोबर राहणारी मुलगी म्हणाली, म्हातारी माणसं अशीच लहरी असतात. भाऊ फोनवर म्हणाला, "तू दुसऱ्याचे मोजे दिले असशील, दुसरं काय." आई म्हणाली, "मेली कसली लहर! एकटं माणूस असतं गं ते. गेलीस की जेवणाची चौकशी करत जा." म्हणून होकानं त्या मंगळवारी विचारलं, "आजी, जेवता ना वेळेवर?"

"तू आल्याशिवाय?" आजी फणकाऱ्यानं म्हणाल्या.

होकाला भरून आलं. किती माया करतात, असं वाटलं तिला. आणि त्याच दिवशी निघताना मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं, तो प्रसंग वर सांगितलाच.

ते तीन दिवस होकाचा जीव थाऱ्यावर नव्हता. आपण कधी काय बोललो ते ती आठवून आठवून पाहत होती. परक्या भाषेत नकळत काही अभद्र तर बोलून गेलो नाही? वर्गात सर चौकाची रुंदी विचारत होते आणि ही बाई मनात म्हणत होती, मोजे, चहा, सेल, पेपर, यात जेवण सोडण्यासारखं काय आहे? आजी आपल्यामुळे उपाशी राहतात, हे तिला सहनच होईना. आणि आपण जायचं बंद केलं की त्या जेवतील, हे तर त्याहून सहन होईना.

शुक्रवार उजाडला. आजी त्या दिवशी बऱ्या होत्या, म्हणजे ओरडत होत्या. मोठ्या बाई हाताची घडी घालून दारात उभ्या. होकानं मोजे ठेवले, सेल बदलला, पेपर वाचला, आणि एप्रनची गाठ सोडत आजींच्या कानाशी वाकली.

"येते हं, आजी."

"ये."

पॅसेजमध्ये मोठ्या बाईंनी तिला गाठलं. "काय म्हणालात तुम्ही त्यांना आत्ता?"

"येते म्हणाले."

"कधी येताय?"

"मंगळवारी."

"मग आत्ता येते का म्हणालात?"

"आत्ता जातेय म्हणून."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "परत सांगा."

"मी जातेय ना, म्हणून येते म्हणाले," होका म्हणाली. यात न कळण्यासारखं काय आहे, ते तिला कळेना. "आमच्यात जाताना येते म्हणतात."

"आणि येताना काय म्हणतात?"

होकानं विचार केला. "येतानाही येतेच म्हणतात."

"मग समोरच्याला कसं कळतं, माणूस येतंय की जातंय?"

"पाठ दिसते की!"

 हसावं की रागवावं, ते मोठ्या बाईंचं ठरेना. "बाई," त्या शेवटी म्हणाल्या, "आमच्या भाषेत येते म्हणजे येते. आत्ता. पाच-दहा मिनिटांत. माणूस कोट आणायला जातो, तेव्हा म्हणतो, येतो." मग त्यांनी होकाला जेवणाची घंटा होईपर्यंत ऑफिसात बसवून ठेवलं आणि घंटा झाल्यावर तिचा दंड धरला. "चला माझ्याबरोबर."

जेवणाच्या हॉलमध्ये ताटं मांडायची गडबड चालली होती. दाराजवळच्या टेबलाशी चौकशी आजी बसल्या होत्या. अंगात बाहेरचा जाड कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. शेजारची खुर्ची त्यांनी टेबलावर कलती करून ठेवली होती, कुणी बसू नये म्हणून. त्या खुर्चीपुढेही एक ताट होतं, चमचा होता, पाण्याचा पेला होता. होकाला पाहताच आजींचा चेहरा असा काही उजळला की बघवेना.

"आलीस! सापडली ना वाट? बस, बस. सूप गार होईल."

होकाच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. ती आजींच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली आणि अडखळत, चुकत, व्याकरणाची पार वाट लावत सगळं सांगत सुटली. आजी कानामागे हात धरून ऐकत होत्या. दोनदा सांगावं लागलं.

"म्हणजे तू येणारच नव्हतीस?"

"नाही, आजी."

"बस चुकली नव्हती?"

"चुकली होती. पण ती इकडे यायची नाही, वसतिगृहावर जायची."

आजींनी शेजारच्या ताटापुढचा चमचा सरळ केला. "मला वाटायचं, फिरत असशील कुठेतरी अंधारात," त्या म्हणाल्या. "पाहुणी येते म्हणालीय आणि आपण जेवून घ्यायचं, बरं दिसतं का? आणायला जावं म्हणून कोट घालून बसायचे. पण हे लोक बाहेर सोडत नाहीत."

होकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला हुंदकाच आला. "चुकलं माझं. आता कळलं ना, आजी? आता मी येते म्हणाले तरी तुम्ही आपलं जेवून घ्यायचं. मी मंगळवारी येईनच."

"मंगळवारचं मंगळवारी बघू," आजी म्हणाल्या. "पण हे असं जमायचं नाही."

"का?"

"कळून काय उपयोग? कानांना कोण समजावणार? सगळी उमर मी गाडी येते म्हणून सांगितलंय आणि गाडी आलीय. येते म्हटलंस की माझं लक्ष दाराकडे लागणार. घास उतरायचा नाही. तू जातेस ना? मग जाते म्हण."

"ते नाही म्हणता येत."

"का नाही?"

होका घुटमळली. मोठ्या बाई ऐकत होत्या, वाढणारी बाई हातात डाव घेऊन खोळंबली होती. "तसं म्हटलं की..." होका पुटपुटली, "म्हणजे परत भेट होत नाही, असं वाटतं आमच्याकडे. मोठ्या माणसांना तर कुणी म्हणतच नाही."

"मी मरेन असं वाटतं तुला?"

होकानं त्यांच्या कोटाची बाही धरली.

"मरणारच आहे मी," आजी खणखणीत आवाजात म्हणाल्या, आसपासच्या टेबलांवरची डोकी वळली. "उपाशी मरायचं की जेवून, एवढंच ठरायचंय. म्हण."

होकानं तिथल्या भाषेत घाईघाईनं म्हणून टाकलं. जड गेलं नाही. परक्या भाषेतला शब्द, त्याला काय धार असणार?

आजींनी मान हलवली. "हे तोंडातल्या तोंडात झालं. असं तू ड्रायव्हरलाही म्हणत असशील. तुमच्या भाषेत म्हण."

"तुम्हाला कळणार नाही, आजी."

"तुझ्या तोंडावरून कळेल."

होका उठून उभी राहिली. तिनं तोंड उघडलं आणि तोंडातून बाहेर पडलं, "ये..." ती थांबली. ओठ घट्ट मिटले. तिला वाटलं, आत्ता आईनं ऐकलं तर दोन थोबाडीत देईल. वाटलं, मंगळवारी आपण येऊ आणि ही खुर्ची रिकामी असेल, आणि ते आपण स्वतःच्या तोंडानं केलेलं असेल. पळून जावं असं वाटलं. पण समोर सूप गार होत होतं, आणि कोटाच्या बाहीतून दिसणारं आजींचं मनगट काडीसारखं झालं होतं.

"जाते," होका म्हणाली.  "जाते मी, आजी."

आजींनी तिच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. मग कोटाची बटणं एकेक करून सोडली, शेजारची कलती खुर्ची सरळ केली आणि वाढणाऱ्या बाईकडे वळल्या.

"ती गेली," त्या म्हणाल्या. "वाढा मला."

होका अजून तिथंच उभी होती, दोन हातांवर. वाढणाऱ्या बाईनं सूप ओतलं, पावाचे दोन तुकडे ठेवले. आजींनी मान खाली घातली आणि जेवायला सुरुवात केली.